फुटबॉल सामन्यात खेळाडू कधी बदलावा: प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

खेळाडू दमला आहे हे प्रेक्षकांनाही दिसू लागल्यावर केलेला बदल बहुतेक वेळा उशिरा झालेला असतो. दमलेल्या खेळाडूच्या बाजूने प्रतिस्पर्ध्यांनी तोवर तीन-चार चढाया केलेल्या असतात आणि बदली खेळाडूच्या हाती खेळात रुळण्यापुरतीही मिनिटे उरलेली नसतात. ही पहिली चूक. बदलाच्या संधी, म्हणजे बदलासाठी खेळ थांबवण्याच्या मोजक्या वेळा, एकेका खेळाडूसाठी खर्च करून टाकणे ही दुसरी, आणि निर्णय घेणे व खेळाडू मैदानात उतरणे यांमध्ये जाणारा वेळ हिशेबात न धरणे ही तिसरी. पुढील टप्पे याच चुका टाळण्यासाठी आहेत. पाच खेळाडू आणि तीन संधी हा वरिष्ठ स्पर्धांतील आजचा प्रचलित नियम येथे गृहीत धरला आहे. बाहेर गेलेला खेळाडू परत मैदानात येऊ शकतो अशा तळागाळातील किंवा मुलांच्या सामन्यांना यातील बराचसा हिशेब लागू होत नाही.

१. स्पर्धेचा नियम आधी कागदावर उतरवा

बदलांची मर्यादा प्रत्येक स्पर्धेत सारखीच असते असे समजू नये. सर्वसाधारण चौकट पुढीलप्रमाणे आहे. निर्धारित ९० मिनिटांत पाच खेळाडू बदलता येतात, पण त्यासाठी खेळ थांबवण्याच्या संधी तीनच मिळतात. मध्यंतरात केलेला बदल या तिनांत मोजला जात नाही. एकाच संधीत दोन किंवा तीन खेळाडू बदलले तरी संधी एकच खर्च होते. स्पर्धेच्या नियमांत तरतूद असेल तर जादा वेळेत आणखी एक खेळाडू आणि आणखी एक संधी मिळते. जादा वेळ सुरू होण्यापूर्वी आणि तिच्या मध्यंतरात केलेले बदलही संधी खर्च न करता होतात.

‘तरतूद असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत वोल्फ्सबुर्गने प्रॉयसेन म्युन्स्टरला जादा वेळेत ३-१ असे हरवले, पण त्या सामन्यात त्यांनी सहावा खेळाडू उतरवला होता आणि त्या स्पर्धेत जादा वेळेतही मर्यादा पाचचीच होती. जिंकलेला सामना गेला आणि संघ स्पर्धेबाहेर पडला. व्यावसायिक संघाच्या बाकावर इतके साहाय्यक बसलेले असतानाही ही चूक होऊ शकते, म्हणून नियम केवळ ठाऊक असून भागत नाही. तो लिहिलेला कागद सहप्रशिक्षकाच्या हातात असावा लागतो.

तपासणी: किती खेळाडू, किती संधी, जादा वेळेत काय, आणि डोक्याला मार लागल्यास वेगळा बदल मिळतो का, या चार प्रश्नांची उत्तरे सामन्यापूर्वी लेखी हाताशी आहेत ना?

इशारा: दोन्ही संघांनी एकाच वेळी बदल केले तर दोघांचीही एकेक संधी खर्च होते. प्रतिस्पर्धी बदल करत असताना आपला बदल फुकटात होतो, हा समज चुकीचा आहे.

२. सामन्याच्या आदल्या दिवशी तीन परिस्थितींची आखणी करा

आघाडी, बरोबरी आणि पिछाडी अशा तीन परिस्थितींसाठी तीन रकाने आखावेत. प्रत्येक रकान्यात कोण बाहेर येईल, कोण आत जाईल आणि आत जाणारा नेमके काय करील, एवढेच लिहावे. तिसऱ्या गोष्टीवर बहुतेकांची लेखणी अडखळते. ‘ताजे पाय’ हे काम नव्हे. ‘डाव्या फुलबॅकच्या (बाजूच्या बचावपटूच्या) मागे मोकळी राहणारी जागा धावून वापरणे’ हे काम आहे. काम लिहिता येत नसेल, तर तो बदल सामन्याच्या गडबडीत सुचणार नाही आणि सुचला तरी खेळाडूला समजावता येणार नाही.

याच वेळी सुरुवातीच्या अकरा जणांपैकी पूर्ण सामना खेळण्याची शक्यता कमी असलेले खेळाडू वेगळे काढावेत. दुखापतीतून नुकताच परतलेला, तीन दिवसांपूर्वी पूर्ण सामना खेळलेला, सतत दबाव टाकत धावणारा आघाडीपटू, आणि पूर्ण बाजू वर-खाली करणारे विंगर (कडेने चढाई करणारे खेळाडू) व फुलबॅक यांचा त्यात समावेश होतो. सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, सहसा शेवटपर्यंत टिकतात, आणि त्यांना बदलण्याची किंमतही जास्त असते, कारण बचावफळीची आपसातली समज त्यांच्याभोवती उभी असते.

राखीव खेळाडू निवडताना दोन जागा सांभाळू शकणारा किमान एक बचावपटू आणि एक मधल्या फळीतला खेळाडू घ्यावा. बाकावर पाच आक्रमक खेळाडू बसवून मग उजव्या फुलबॅकला दुखापत झाल्यावर डोके धरून बसणारे प्रशिक्षक कमी नाहीत.

३. उलटी मोजणी करा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. बदल कधी करावा हे ठरवताना घड्याळ पुढून मागे वाचावे. समजा, पिछाडीवर असताना नव्या आघाडीपटूने शेवटची २५ मिनिटे पूर्ण क्षमतेने खेळावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे ६५व्या मिनिटाला त्याचा खेळ बसलेला असायला हवा. रुळायला त्याला दोन-तीन मिनिटे लागतील. त्याआधी चेंडू बाहेर जाण्याची वाट पाहावी लागेल आणि ती वाट कधी कधी तीन मिनिटांचीही असते. त्यापूर्वी सूचना देणे, जर्सी व शिनगार्ड नीट करणे आणि चौथ्या पंचांकडे नोंद करणे यांत दोन मिनिटे जातात. त्याच्याही आधी अंग नीट तापवायला आठ-दहा मिनिटे हवीत. हा हिशेब मांडला तर ‘अंग तापव’ ही सूचना ४७व्या किंवा ४८व्या मिनिटाला द्यावी लागते, म्हणजे उत्तरार्ध जेमतेम सुरू झालेला असताना.

बहुतेक प्रशिक्षक ६५व्या मिनिटाला विचार करायला लागतात आणि खेळाडू ७२व्या मिनिटाला आत जातो. मग बदलाचा उपयोग झाला नाही असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या सामन्यात बदल आणखी पुढे ढकलला जातो.

तपासणी: अंग तापवण्याची सूचना आणि बदलाचा निर्णय यांची वेळ सहप्रशिक्षक वेगवेगळी लिहून ठेवतो का? अंग तापवायला पाठवले म्हणून त्या खेळाडूला उतरवलेच पाहिजे असे नाही. दोघा-तिघांना आळीपाळीने तयार ठेवावे.

४. पूर्वार्धात चेंडूपासून दूर पाहा

थकव्याची ठळक लक्षणे, म्हणजे गुडघ्यांवर हात टेकणे किंवा पोटरी धरणे, फार उशिरा दिसतात. त्याआधीची लक्षणे बारीक असतात आणि ती चेंडूपासून दूर सापडतात. चढाई संपल्यावर फुलबॅक धावत न परतता चालत परततो. दबाव टाकण्याची खूण झाल्यावर आघाडीपटू एक क्षण उशिरा निघतो, तेवढ्यात प्रतिस्पर्धी बचावपटूला मान वर करून पास शोधता येतो. मधल्या फळीतला खेळाडू चेंडू घेताना अंग वळवणे सोडून देतो आणि आला तसा मागे परत देतो. सामन्यात एका साहाय्यकाने केवळ हेच पाहावे आणि २०व्या, ३५व्या व ५५व्या मिनिटाला ठरलेल्या तीन-चार खेळाडूंविषयी एकेक ओळ लिहावी. मुख्य प्रशिक्षकाची नजर चेंडूमागे जाणारच, म्हणून हे काम त्याने स्वतःकडे ठेवू नये.

थकवा आणि चुकीची रचना यांत गल्लत करू नये. मधल्या फळीतला खेळाडू सतत उशिरा पोहोचत असेल, तर तो दमला आहे की त्याच्या बाजूला दोन प्रतिस्पर्धी एकाच वेळी येत आहेत, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रसंगी खेळाडू बदलून काही साधत नाही. नवा खेळाडूही तसाच उशिरा पोहोचतो.

मध्यंतरापूर्वी बदल करणे म्हणजे बाहेर येणाऱ्याचा अपमान, अशी समजूत रूढ आहे. ती सोडून द्यावी. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्स ०-२ ने मागे असताना प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी ४१व्या मिनिटालाच ऑलिव्हिए जिरू आणि उस्मान देंबेले यांना बाहेर घेऊन मार्क्युस थुराम आणि रांदाल कोलो मुआनी यांना उतरवले. फ्रान्सने सामना ३-३ पर्यंत खेचला आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. मध्यंतर चार मिनिटांवर आलेले असताना एक संधी खर्च करणे योग्य होते का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते, बाजू कोसळत असेल तर चार मिनिटेही थांबू नये. केवळ खेळ रंगत नसेल तर मात्र मध्यंतरापर्यंत थांबून ती संधी वाचवावी.

५. मध्यंतराचा पूर्ण उपयोग करा

मध्यंतरातला बदल संधी खात नाही, अंग तापवायला वेळ देतो आणि फळ्यावर समजावून सांगता येतो. तरीही ‘आणखी दहा मिनिटे पाहू’ म्हणून तो टाळला जातो आणि ५६व्या मिनिटाला तोच बदल एक संधी मोजून केला जातो. दोन प्रसंगी ही दहा मिनिटे पाहू नयेत: पिवळे कार्ड मिळालेला बचावपटू वेगवान विंगरसमोर उभा असेल तेव्हा, आणि रचनाच बदलायची असेल तेव्हा.

इशारा: मध्यंतरात तीन खेळाडू बदलले तर संपूर्ण उत्तरार्धासाठी दोनच खेळाडू उरतात. मध्यंतरात साधारणपणे दोघांपलीकडे जाऊ नये.

६. ५५ ते ७५ मिनिटे: जोडीने बदला

पिछाडीवर असलेल्या संघासाठी एक ठोकताळा बराच गाजला. ब्रेट मायर्स या अभ्यासकाने २०१२ मध्ये, बदलांची मर्यादा तीन होती त्या काळात, असे मांडले की मागे असलेल्या संघाने पहिला बदल ५८व्या, दुसरा ७३व्या आणि तिसरा ७९व्या मिनिटापूर्वी करावा. पुढे २०१६ मध्ये सिल्वा आणि स्वार्ट्झ यांनी वेगळ्या सांख्यिकी पद्धतीने तपासणी केली, तेव्हा उत्तरार्धात बदलाचा खास फायदा होतो असे कोणतेही ठरावीक मिनिट त्यांना सापडले नाही. समान ताकदीच्या संघांत मागे असलेला संघच पुढचा गोल करण्याची शक्यता मुळात जास्त असते, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे बदलानंतर झालेला प्रत्येक गोल बदलामुळेच झाला असे मानता येत नाही. तेव्हा हे आकडे घड्याळाला बांधून घेण्यासाठी नाहीत. पहिला बदल साठाव्या मिनिटाच्या आसपास झालेला नसेल, तर तो का झाला नाही याचे उत्तर आपल्याकडे असावे, एवढाच त्यांचा उपयोग करावा.

खरी गफलत संधींच्या हिशेबात होते. पुढील क्रम पाहा: ५५व्या मिनिटाला एक विंगर बदलला, ६३व्या मिनिटाला एकाचा स्नायू ताणला गेला म्हणून दुसरा बदल झाला, ७०व्या मिनिटाला आघाडीपटू बदलला. दोन राखीव खेळाडू शिल्लक आहेत, पण संधी संपल्या. ७४व्या मिनिटाला आणखी कोणी जखमी झाला तर उरलेला सामना दहा जणांनी खेळावा लागतो. हे टाळण्यासाठी दुसऱ्या संधीच्या वेळी नेहमी विचारावे: आणखी कोणाला याच वेळी बाहेर घेता येईल? दुखापतीमुळे सक्तीचा बदल करावा लागला, तर दहा मिनिटांनी नियोजित असलेला बदल त्याच संधीत उरकणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

या हिशेबाचा उत्तम नमुना म्हणजे २०२२ च्या विश्वचषकातील जपान-जर्मनी सामना. जपान ०-१ ने मागे होता. प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी मध्यंतरात बचावपटू टोमियासूला उतरवून मागे तिघांची फळी केली. संधी खर्च झाली नाही. ५७व्या मिनिटाला मितोमा आणि असानो जोडीने आत गेले, ७१व्या मिनिटाला दोआन आणि ७५व्या मिनिटाच्या सुमारास मिनामिनो. पाच खेळाडू, तीन संधी आणि मध्यंतर, काहीही वाया गेले नाही. दोआनने ७५व्या आणि असानोने ८३व्या मिनिटाला गोल केला. गोल हे यश आहेच, पण प्रशिक्षकाने अभ्यासावा तो क्रम: आधी रचना बदलून मागची बाजू घट्ट केली, मग एकामागून एक आक्रमक खेळाडू उतरवले. उलट क्रमाने, म्हणजे आधी तीन आघाडीपटू टाकून नंतर मागची भोके बुजवायला जाणारे संघ दुसरा गोल खातात.

तपासणी: ७०व्या मिनिटाला एक संधी आणि किमान एक खेळाडू शिल्लक आहे ना? दोन आणि दोन असतील तर उत्तम.

इशारा: एकाच फळीतले तीन खेळाडू एकदम बदलू नयेत. पहिली पाच मिनिटे कोण कोणाला आवाज देतो हेच ठरत नाही.

७. प्रत्यक्ष बदल: शेवटची दोन मिनिटे

येथे चुका क्षुल्लक दिसतात आणि महाग पडतात. क्रम असा ठेवावा.

अ) आत जाणाऱ्याला तीनच गोष्टी सांगाव्यात: जागा, पहिले काम, आणि सेट पीसच्या (कॉर्नर, फ्री किक यांच्या) वेळी कोणाला धरायचे. वही उघडून पाच आकृत्या दाखवणे हा देखावा आहे. बाजूरेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या डोक्यात त्यातली एखादीच राहते.

आ) बाहेर येणाऱ्याची कामे कोणाकडे गेली ते ठरवावे. कॉर्नर कोण घेणार, भिंतीत कोण उभा राहणार, कर्णधाराची पट्टी कोणाकडे जाणार? बदलानंतरच्या पहिल्याच कॉर्नरवर गोल खाल्ला जातो, त्यामागे बहुधा मोकळा राहिलेला एक प्रतिस्पर्धी असतो.

इ) जर्सी क्रमांक दोघांनी वाचावा. एप्रिल २०२२ मध्ये फ्रायबुर्गविरुद्ध बायर्न म्युनिकने दोन बदल केले, तेव्हा किंग्सली कोमानचा जुना २९ क्रमांक फलकावर लागला. आपलाच क्रमांक आहे हे त्याच्या लक्षात आले नाही आणि बायर्नचे बारा खेळाडू काही सेकंद मैदानावर होते. फ्रायबुर्गची तक्रार पुढे फेटाळली गेली, पण तशी नामुष्की कोणाला हवी?

ई) बाहेर येणारा खेळाडू जवळच्या सीमारेषेवरून बाहेर पडतो, आत जाणारा मध्यरेषेवरून आणि पंचांच्या खुणेनंतरच येतो. तो आत आल्याखेरीज बदल पूर्ण होत नाही. थ्रो-इन किंवा कॉर्नर घ्यायचा असला, तरी त्याने आधी मैदानात पाऊल टाकलेले असावे लागते.

बाहेर येण्यास खेळाडूने नकार दिला तर नियमानुसार खेळ पुढे चालू राहतो. पंच त्याला ओढून काढत नाहीत. फेब्रुवारी २०१९ च्या इंग्लिश लीग कप अंतिम सामन्यात चेल्सीचा गोलरक्षक केपा अरिझाबालागाने असाच नकार दिला आणि तो मैदानावरच राहिला. अशा प्रसंगाची तयारी सामन्यात होत नसते. कोणाला केव्हा बाहेर यावे लागू शकते हे त्या खेळाडूला सामन्यापूर्वी सांगून ठेवणे हाच उपाय आहे.

इशारा: आपल्या गोलसमोर प्रतिस्पर्ध्यांचा कॉर्नर किंवा जवळची फ्री किक असताना, सक्तीची दुखापत वगळता, बदल करू नये. चेंडू दूर जाऊ द्यावा.

८. आघाडीवर असताना

आघाडीवरचा प्रशिक्षक दोन टोकांना जातो: एक तर कोणालाच हात लावत नाही, किंवा आक्रमक खेळाडू काढून सगळे बचावपटू उतरवतो. दुसऱ्या मार्गाने चेंडू पुढे धरून ठेवणारे कोणी उरत नाही आणि प्रत्येक क्लिअरन्स, म्हणजे बचावातून दूर मारलेला चेंडू, दहा सेकंदांत परत येतो. जागेला जागा असा बदल, म्हणजे दमलेल्या विंगरच्या जागी मागे परतणारा ताजा विंगर, हा पहिला पर्याय असावा. रचना बचावात्मक करायची असल्यास ती शेवटच्या आठ-दहा मिनिटांसाठी राखावी.

वेळ खाण्यासाठी अखेरच्या मिनिटांत केलेल्या बदलाचा फायदा मर्यादित आहे, कारण पंच तो वेळ भरून देतात. प्रतिस्पर्ध्यांच्या दबावाची लय मोडणे हा त्याचा खरा लाभ; त्यासाठी बदल वापरायचा असेल तर जाणीवपूर्वक वापरावा.

९. लाल कार्ड आणि दुखापत

लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूच्या जागी कोणी उतरवता येत नाही. पहिली दोन-तीन मिनिटे मैदानावरच्यांनाच नवी रचना लावून द्यावी आणि मग शांतपणे कोणाला बाहेर घ्यायचे ते ठरवावे. अपवाद गोलरक्षकाचा. २००६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात १८व्या मिनिटाला गोलरक्षक येन्स लेमान लाल कार्डामुळे बाहेर गेल्यावर आर्सेनलला रोबेर पिरेसला काढून मॅन्युएल आल्मुनियाला आणावे लागले. या प्रसंगी कोणाचा बळी द्यायचा, हे नाव सामन्यापूर्वीच्या कागदावर असावे.

डोक्याला मार लागला असेल तर ‘पाच मिनिटे पाहू’ हा पर्याय नाही. २०२४-२५ पासून अशा दुखापतीसाठी नेहमीच्या मर्यादेबाहेरचा कायमस्वरूपी बदल स्पर्धांना ऐच्छिकरीत्या स्वीकारता येतो. तो स्वीकारलेला असेल तर आपला एकही नियमित बदल खर्च होत नाही. मात्र प्रतिस्पर्ध्यांनाही एक अतिरिक्त बदल मिळतो.

१०. जादा वेळ आणि शूटआउट

बाद पद्धतीच्या सामन्यात बरोबरी असेल तर ८०व्या मिनिटानंतरचा प्रत्येक बदल १२० मिनिटांच्या हिशेबाने करावा. २०१४ च्या विश्वचषक उपांत्यपूर्व सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी गोलरक्षक सिलेसेनच्या जागी टिम क्रुलला आणले. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकले. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध मात्र शूटआउटपर्यंत तिन्ही बदल वापरून झाले होते, त्यामुळे तोच डाव पुन्हा टाकता आला नाही. योजना उत्तम असली तरी तिच्यासाठी बदल शिल्लक ठेवावा लागतो.

केवळ पेनल्टी घेण्यासाठी खेळाडू उतरवायचा असल्यास त्याला किमान पाच-सात मिनिटे आधी आत पाठवावे, म्हणजे दहा-बारा वेळा तरी चेंडू पायाला लागेल. २०२१ मध्ये झालेल्या युरो अंतिम सामन्यात इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी रॅशफोर्ड आणि सँचो यांना १२०व्या मिनिटाला उतरवले आणि दोघांच्याही पेनल्टी चुकल्या. दहा मिनिटे आधी उतरवले असते तर त्या लागल्याच असत्या असे कोणी म्हणू शकत नाही, पण थंड पायांनी पेनल्टी घ्यायला लावण्याचा धोका आपण का पत्करावा?

तपासणी: शूटआउटमध्ये भाग घेण्यासाठी खेळाडू जादा वेळ संपताना संघात असावा लागतो. पेनल्टी सुरू झाल्यावर, जखमी गोलरक्षक वगळता, बदल करता येत नाही.

११. सामन्यानंतर नोंद करा

प्रत्येक बदलासाठी चार रकाने पुरतात: निर्णयाची वेळ, आत जाण्याची वेळ, सोपवलेले काम, आणि ते काम झाले का. गोल झाला की नाही हा रकाना मुद्दाम ठेवू नये. तो असला की बाकीचे कोणी वाचत नाही. बदल योग्य असूनही संघ हरू शकतो. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने २-० अशा आघाडीवर ६४व्या मिनिटाला दि मारियाला बाहेर घेतले आणि ८०व्या व ८१व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने दोन गोल केले. सामना अर्जेंटिनाने गमावला असता तर त्या बदलावर आजही खापर फुटत राहिले असते.

नोंदी काही सामन्यांच्या जमल्या की पहिल्या दोन रकान्यांतला फरक काढावा. तो नियमितपणे चार-पाच मिनिटांहून जास्त येत असेल, तर अडचण निर्णयात नसून तयारीत आहे आणि पुन्हा तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागेल. फरक कमी असूनही सोपवलेली कामे होत नसतील, तर दुसऱ्या टप्प्यातले रकाने अधिक नेमके लिहावेत.